फक्त टन सांगून भागत नाही

महोदय,
मालवाहू विमानांवरील आपल्या बातमीत तुलना होती ती केवळ टनांची. वायुदलाच्या एएन-३२ या मालवाहू विमानात उमेदीची वर्षे सामान चढवणाऱ्या मला आधी आतली उंची हवी असते! सी-२९५ हे मालवाहू विमान सुमारे ९ टन उचलते, पण आत उंची १.९० मीटर, वजनात बसणारी गाडी छताला अडू शकते. विमानाचे पोट मोठे केले, की हवेचा रोध वाढून इंधन जास्त जळते. एएन-३२ची इंजिने पंखांच्या वरच्या बाजूला चढवली, त्यामुळे मोठे प्रोपेलर जमिनीपासून दूर राहिले. दुरुस्तीला शिडीवर लटकणारे मेकॅनिक मात्र शिव्या घालत. सी-१३०जे हे मालवाहू विमान २०१३ मध्ये लडाखमधील दौलत बेग ओल्डीला १६ हजार फुटांवरच्या कच्च्या धावपट्टीवर उतरले, ते दणकट चाकांच्या जोरावरही. त्या चाकांचे वजन पक्क्या धावपट्टीवरही वागवावेच लागते. पुढच्या वेळी मालकक्षाची मापे आणि लागणारी धावपट्टी तरी छापावी.
— एक निवृत्त वायुसैनिक, सातारा