छताबद्दलची थाप

ऑस्टिन, टेक्सास
१४ जून

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, दिवाणखान्याचं छत रंगाऱ्याने रंगवलं असं मी फोनवर सांगितलं ती थाप होती. मीच रंगवलं. रंगाऱ्याचा आकडा ऐकला आणि म्हटलं, दर दिवाळीआधी चुन्याच्या बादल्या उचलल्यात त्या काय उगीच?

व्हिडिओवर पाहून तुम्ही ‘सभामंडप’ म्हणाला होतात तेच हे छत. वासे-कौलं दिसत नाहीत, पण आकार आपल्या घराचाच, दोन पाखी आणि मध्ये आढं. भिंत ९ फूट, आढं १६ फुटांवर. इथल्या घरांना ही उंचीची भारी हौस, आणि मग दिवा गेला की सगळे माना वर करून उभे! खोली १६ बाय २०, पण रंग काही जमिनीच्या मापाने पुरत नाही. पायथागोरस काढला: चढाच्या ७ चा वर्ग, निम्म्या रुंदीच्या ८ चा वर्ग, म्हणजे एकेक पाखं साडेदहा फुटांहून थोडं जास्त. दोन्ही मिळून सव्वाचारशे चौरस फूट, दोन हात. एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर, साधारण साडेतीनशे-चारशे फुटांना पुरतो. तीन गॅलन आणले. वह्या तपासताना केलीत तशी बरोबरची खूण करा.

बहुतेक सगळं जमिनीवर उभं राहूनच झालं. सोळा फुटांपर्यंत लांबणारा दांडा मिळतो, त्याला रोलर बसवायचा आणि आढ्यापासून खाली ओढत यायचं. कोपऱ्यांसाठी त्याच दांड्याला कुंचला बांधला. डोळ्यांवर पोहायचा चष्मा. मान मात्र तीन दिवस वाकडी होती.

पहिला दिवस फुकट गेला. दुपारी सुरू केलं, आणि गरम हवा सगळी आढ्याशी जमलेली. एक पट्टा ओढून दुसरा जोडेपर्यंत पहिल्याची कड सुकलेली. संध्याकाळी ऊन तिरपं आलं आणि छतावर झेब्रा उमटला. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला लागले आणि कड ओली असतानाच पुढचा पट्टा जोडत गेले. रंगही अजिबात न चमकणारा घेतला होता. झेब्रा गेला.

चिमणीपाशी मागे गळलं होतं, तो पिवळा डाग मात्र दोन हातांतूनही वर आला. त्याला आधी लाखेचा प्रायमर लागतो. डबा उघडला आणि आपल्या कपाटाला फ्रेंच पॉलिश केलं होतं तेव्हाचा वास घरभर! त्या एका डागासाठी शिडीवर चढले. चार फूट उंचीला एक फूट पाय बाहेर, असा शिडीचा हिशेब असतो. तो पाळला, आणि जावईबापू खाली शिडी धरून उभे होते. रागवायचं असेल तर एवढ्यापुरतं रागवा.

पण मलाही रागवायचं आहे. माजघराचा रंग गड्याने दिला म्हणालात ना? मग गेल्या रविवारी तुमच्या चष्म्याच्या काडीवर पांढरे शिंतोडे कुठून आले? पलंगावर स्टूल ठेवून चढलात ना? चौऱ्याहत्तराव्या वर्षी! असा दांडा तिकडेही मिळतो, दादाला आणायला सांगितलं आहे. गणपतीआधी ओटी रंगवायची तर दोन्ही पाय जमिनीवर ठेवून रंगवा. वर एखादी रेघ राहिली तर राहू दे, आमच्याही आढ्यापाशी हातभर जागा राहिली आहे.

यापुढचं फक्त आईसाठी. बाबा, वाचू नका.

आई, ते स्टूल आणि पडवीतली शिडी उद्याच शेजारच्या काकूंकडे नेऊन ठेव. विचारलं तर सांग, त्यांनी पापड वाळत घालायला नेली.

तुमची,
ताई