भाजीबरोबर एक वाक्य देणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेतावरून भाजी घेताना प्रत्येक जुडीबरोबर एक वाक्य मिळतं. ‘मका आजच खा.’ ‘गाजर राहील बरेच दिवस, पण पाला घरी गेल्या गेल्या कापून टाका, तो गाजरातलं पाणी ओढतो.’ ‘काकडी चाखून बघा, कडू लागली तर खाऊ नका.’ तुम्ही हे जाता जाता बोलता. माझ्या घरचं जेवण मात्र या वाक्यांमुळे बदललं. त्याबद्दल चारचौघांत आभार मानावेसे वाटले, म्हणून हे उघड पत्र.

सुरुवात मटारपासून करते. शेंग वेलीवरून तोडली की दाण्यातली साखर हळूहळू स्टार्चमध्ये बदलायला लागते, आणि हवा गरम असेल तर आणखी झपाट्यानं. मक्याचंही असंच. तुम्ही सकाळी तोडलेल्या शेंगा दुपारी सोलून उकळत्या पाण्यात टाकल्या, दोन-तीन मिनिटांत काढल्या, वर मीठ आणि लोण्याचा छोटा तुकडा. बस. त्या दाण्यांना मसाल्याची गरजच नव्हती. घरातल्या मुलांनी तर निम्म्या शेंगा शिजण्याआधीच संपवल्या होत्या. तेव्हापासून काय करायचं हे आधी ठरवून मी भाजीला निघत नाही. आधी तुमच्याकडे काय आलंय ते बघते, मग त्या दिवशीचा स्वयंपाक ठरतो.

हिरव्या भाज्यांबद्दल तुम्ही म्हणालात, ‘झाकण ठेवू नका, लिंबू ताटात पिळा.’ त्यामागचं कारण मी नंतर शोधून वाचलं. भाजी शिजताना तिच्यातली आम्लं सुटतात, त्यांच्यामुळे हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि हिरवा रंग मळकट होतो. भांडं उघडं असलं की त्यातली काही आम्लं वाफेबरोबर उडून जातात. लिंबू आधी पिळलं तर आपणच आणखी आम्ल घालतो. तुम्ही हे सगळं चार-सहा शब्दांत सांगितलं होतं!

आता टोमॅटो. याबद्दल थोडं जास्त लिहिणार आहे, कारण सगळ्यांत मोठं ऋण त्याचंच आहे. लांब पाठवायचा टोमॅटो कडक असावा लागतो, म्हणून तो बरेचदा पूर्ण पिकण्याआधीच तोडतात. त्याला लाल रंग नंतर चढतो, पण झाडावर राहून जी गोडी भरायची ती राहून जाते. तुमचा माल जवळच्या जवळ खपतो, म्हणून तुम्हाला थांबता येतं, आणि तुम्ही खरोखर थांबता. पक्षी चोच मारतील, पाऊस आला तर फळं तडकतील, ही सगळी जोखीम तुम्ही घेता आणि चव आम्हाला मिळते. ‘फ्रीजमध्ये ठेवू नका’ हेही तुमचंच वाक्य. साधारण १२ अंश सेल्सिअसच्या खाली टोमॅटोत वास आणि चव आणणारे घटक तयार होणं मंदावतं. तुमचे टोमॅटो मी ओट्यावरच ठेवते आणि जाड चकत्या करून, मीठ घालून पाच मिनिटं तशाच राहू देते. ताटात सुटलेला तो रस कोण पिणार यावरून घरात रोज वाद होतो. फार पिकलेले असतील ते तेलात मंद आचेवर आटवते. शिजवून, तेलाबरोबर खाल्लं की टोमॅटोतलं लायकोपीन, म्हणजे त्याला लाल रंग देणारं द्रव्य, शरीराला अधिक चांगलं मिळतं, पण खरं सांगायचं तर मी ते वासासाठी करते.

तुम्ही ‘आता नाही, संपलं’ असंही सांगता. त्याबद्दलही आभार. हंगाम उलटल्यावर कुठून तरी आणून भरलेली टोपली तुमच्याकडे मी कधी पाहिली नाही. त्यामुळे वाट बघण्यात गंमत आली. थंडी पडल्यावर आलेलं गाजर आधीच्यापेक्षा गोड का लागतं, हे विचारायला मी थांबले होते आणि तुम्ही चिखलाच्या हातांनी समजावलंत, की गार हवेत ते आपल्यातल्या स्टार्चची साखर करतं. बिटाचा पाला टाकायचा नसतो हेही तुमच्याकडूनच कळलं: देठ बारीक चिरून आधी परतायचे, पानं शेवटी.

एका सकाळी तुम्ही मला भेंडीच्या तोड्याला येऊ दिलंत. एक-दोन दिवसांचा खंड पडला तरी भेंडी निबर होते, आणि निबर शेंगा झाडावर राहिल्या की पुढचा माल कमी येतो. म्हणजे आजारपण असो, घरी पाहुणे असोत, तोडा चुकत नाही. वाफ्यात अर्ध्यावर पोचेपर्यंत माझ्या हातांना खाज सुटली होती आणि तुम्ही पूर्ण बाह्यांचा सदरा घालून पुढच्या वाफ्यात पोचलाही होतात. त्या दिवशी घरी आणलेल्या भेंडीचं एक टोकही वाया जाऊ दिलं नाही. धुऊन, पूर्ण कोरडी करून, मोठ्या आचेवर परतली. अजिबात चिकट झाली नाही. जेवताना सगळ्यांना तुमचं नाव घेऊन सांगितलं, ही कुणी लावली आणि कुणी तोडली.

पुढच्या तोड्याला माणसं कमी पडत असतील तर निरोप पाठवा. मी येते, आणि या वेळी पूर्ण बाह्यांचा सदरा घालून येते. तुमच्या रिकाम्या टोपल्याही तेव्हाच आणीन.

तुमची,
भाजीच्या रांगेतली एक ऋणी मैत्रीण