व्हेरा रुबिनच्या लेखात संडासाची गोष्ट का गाळली?

संपादक साहेब, नमस्कार.

कालच्या पुरवणीतला अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ व्हेरा रुबिनवरचा लेख वाचला. लेख चांगलाय, लहानपणी ती रात्र रात्र खिडकीतून तारे बघायची, उल्का पडल्या की लाईट न लावता त्यांच्या रेषा ध्यानात ठेवायची आणि सकाळी कागदावर काढायची, हे माझ्या लेकीनं मला मोठ्यानं वाचून दाखवलं. पण हेडिंगात चार लेकरांचा संसार, आणि अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेबद्दल फक्त 'काही अडचणी आल्या' एवढंच. कोणत्या अडचणी, ते लिहायला काय झालं होतं?

अडचण संडासाची होती. पालोमारची २०० इंची दुर्बीण म्हणजे त्या काळातली जगातली सगळ्यात भारी दुर्बीण, आणि तिथं बायकांना परवानगी नव्हती, कारण सांगायचे की बायकांसाठी संडास नाही. १९६५ मधे रुबिन तिथं अधिकृतपणे निरीक्षण करणारी पहिली बाई ठरली आणि तिनं संडासाच्या दारावरच्या पुरुषाच्या चित्राला कागदाचा स्कर्ट कापून चिकटवला. तिच्या आधी मार्गारेट बर्बिज या खगोलशास्त्रज्ञ बाईला माउंट विल्सन वेधशाळेत नवऱ्याच्या नावावर वेळ घ्यावा लागला होता, आणि प्रिन्स्टन विद्यापीठानं तर खगोलशास्त्राच्या पुढच्या शिक्षणाला १९७५ पर्यंत मुली घेतल्याच नाहीत.

हे जुनं झालं असं कुणी म्हणू नये. गेल्या डिसेंबरात माझ्या लेकीच्या शाळेनं मिथुन राशीतला उल्कावर्षाव दाखवायला नववीची लेकरं गावाबाहेरच्या माळावर मुक्कामाला नेली. यादीत एकपण मुलगी नाही. लेक रडतच घरी आली म्हणून मी शाळेत गेले तर सर म्हणाले, ताई, तिथं मुलींची सोय नाही. मी म्हणलं मी येते सोबत, अजून दोघी आया यायला तयार आहेत, माळाच्या अलीकडंच आमच्या पाहुण्याचं शेत आहे, आखाड्यावर संडास बाथरूम सगळं आहे. तर म्हणे रात्रीची जबाबदारी कोण घेणार, मुलींना नंतर व्हिडिओ दाखवू. तो व्हिडिओ काही अजून दाखवला नाही. वर्गात आकाशाचा नकाशा सगळ्यात आधी पाठ झाला होता तो हिचाच, आणि दुसऱ्या दिवशी उल्का कशा दिसल्या ते हिला पोरांकडून ऐकावं लागलं.

आणि परवानगी मिळाल्यावर रुबिननं काय केलं ते पण तुमच्या लेखात धड नाही. सूर्याजवळचा बुध सेकंदाला ४७ किलोमीटर पळतो आणि लांबचा नेपच्यून साडेपाचच्या आतच, म्हणजे लांब गेलं की वेग कमी. दीर्घिकेत, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या समूहातपण असंच असणार असं सगळे धरून चालले होते. रुबिन आणि तिचा सहकारी केंट फोर्डनं देवयानी दीर्घिका मोजली, १९७० ला छापलं, तर कडेचे तारेपण आतल्यांएवढ्याच वेगानं फिरताना निघाले. पुढं एकामागून एक दीर्घिका मोजल्या तरी तेच. दिसतं त्यापेक्षा कितीतरी जास्त वस्तुमान तिथं असल्याशिवाय हे जमत नाही, आणि ते नेमकं काय आहे हे आजपण कुणाला कळलेलं नाही. एवढं मोठं काम, आणि तुम्ही त्याला चार ओळी दिल्या!

आपल्या औंढा नागनाथला लायगो, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी पकडणारी वेधशाळा होतेय, २०२३ ला केंद्रानं २६०० कोटी मंजूर केले. त्याची बातमी आली की तुमच्या पेपरात जमिनीच्या भावाचीच चर्चा असते. माझी विनंती आहे, एकदा रिपोर्टर पाठवा आणि जिल्ह्यातल्या शाळांना विचारा की रात्रीच्या आकाशदर्शनाला मुली नेता का, नसाल तर का नाही, आणि जे उत्तर देतील ते जसंच्या तसं छापा. त्या लायगोत उद्या आमच्या पोरींनी काम करावं असं मला मनापासून वाटतं, पण नववीतच त्यांना घरी बसवलं तर त्या तिथपर्यंत पोचणार कशा?

अजून एक. त्या रात्री लेकीला मी गच्चीवर घेऊन बसले होते, पण चौकातला नवा हायमास्ट एवढा लख्ख की मोठ्या दोनचार उल्का सोडल्या तर काही दिसलं नाही. उजेड रस्त्यावर पडायला पाहिजे, आभाळात कशाला? नगरपालिकेला सांगून झालं, कुणी दाद देत नाही. दिव्यांना वरून झाकण बसवा एवढंच मागणं आहे, तेपण छापा.

एका विद्यार्थिनीची आई,
वसमत, जि. हिंगोली