पिस्तुलांच्या देखभालीकडेही लक्ष द्यावे

महोदय,

कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले, त्यानंतर या खेळाकडे वळणाऱ्या मुली पाहून माझ्यासारख्या हौशी नेमबाजाला मनापासून आनंद होतो. मात्र त्यांच्या हातातील शस्त्राची देखभाल शिकवणारे कोणी नाही, याची तितकीच खंत वाटते. या प्रकारात वापरल्या जाणाऱ्या पॉइंट टू टू (०.२२ इंची) काडतुसाच्या शिशाच्या गोळीवरील मेण आणि जळलेल्या दारूची काजळी चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या पोकळीच्या, तोंडाशी साचत जाते. गेल्या वर्षी एका स्पर्धेत दर गोळीला तीन सेकंद मिळणाऱ्या फेरीत माझे चौथे काडतूस तिथेच अर्धवट अडकले आणि सगळी मालिका विस्कटली. दोष माझाच होता, कारण ब्रश कधी आणि कुठल्या बाजूने फिरवायचा, हे मला कोणी सांगितलेच नव्हते.

परदेशातील सेंटरफायर (बुडाच्या मध्यभागी आघात होऊन पेटणारी काडतुसे वापरणारे) नेमबाज रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरून वापरतात, हे ऐकून आपल्याकडची मुलेही तसे विचारतात. त्यांना स्पष्ट सांगायला हवे, की पॉइंट टू टूचे आघाताने पेटणारे मिश्रण पुंगळीच्या काठातच असल्याने ती पुन्हा भरण्याजोगी नसते, आणि परवान्याशिवाय काडतुसे बनवणे हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे.

एअर पिस्तुलाच्या दाबाखालील हवेच्या सिलिंडरची वापराची मुदत तर अनेक पालक पाहतही नाहीत. क्रीडा विभागाने प्रत्येक जिल्हा रेंजवर महिन्यातून एकदा तरी जाणकार शस्त्र-कारागीर पाठवावा, ही विनंती.

– एक हौशी नेमबाज, कोल्हापूर