सही करण्याआधी

कोल्हापूर

चि. मृणाल हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन झाल्यापासून तोच विषय डोक्यात आहे. चौघांनी मिळून राजारामपुरीत एकत्र प्रॅक्टिस करायची, हे मला मनापासून पटलं. एकट्या डॉक्टरला आजारी पडायचीही सोय नसते. चौघं असलात की रात्रीची पाळी वाटून घेता येईल, भाडं आणि सोनोग्राफी मशीनचा हप्ताही.

पण त्या मोठ्या हॉस्पिटलशी टाय-अप करण्याआधी तुमचा आपसातला करार लेखी होऊ दे. साधी भागीदारी केलीत तर 1932 च्या कायद्यानं एकाच्या चुकीची भरपाई चौघांच्या घरादारापर्यंत येऊ शकते. 2008 च्या कायद्याखाली एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी केलीत, तर दुसऱ्याच्या चुकीपायी तुझं घर जात नाही. स्वतःच्या चुकीला मात्र आपणच जबाबदार. बँकेला वैयक्तिक हमी दिली असेल, तर तीही सुटत नाही. कुणी मध्येच बाहेर पडलं तर त्याचा हिस्सा कसा मोजायचा, कधी द्यायचा, हे आजच ठरवा. तेव्हा बोलणं अवघड जातं.

टाय-अपचा फायदा आहेच. त्यांची लॅब मिळेल, विम्याच्या कॅशलेस उपचारांची सोय होईल. मात्र महिन्याला किती पेशंट पाठवायचे, असला आकडा करारात कुठंही नको. पेशंट पाठवल्याचं कमिशन 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनं बंद केलंय. त्याला कुणी ‘मार्केटिंग फी’ म्हणालं, तरी तू घेऊ नको.

माझ्या दवाखान्यात गगनबावड्याहून पहिल्या एस.टी.नं माणसं यायची. प्लास्टिकच्या पिशवीत जुने एक्स-रे, घडीवर फाटलेले रिपोर्ट, पाठीमागं पेनानं लिहिलेला भाच्याचा फोन नंबर. तपासून झालं की एकच प्रश्न, “डॉक्टर, आता कुठं जाऊ?” अशा माणसाचं काम सीपीआरमध्ये, आपल्या सरकारी रुग्णालयात, होणार असेल, तर तुला बिनदिक्कत ‘सीपीआरला जा’ म्हणता आलं पाहिजे. याबाबतीत तडजोड करू नको, बाळा.

आणखी एक. पेशंटच्या नोंदी त्या हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरवर जाणार असतील, तर करार संपल्यावर त्या तुम्हाला पूर्ण मिळतील, असं कलम घाला. भरती रुग्णांच्या नोंदी तीन वर्षं जपायच्या आणि मागितल्यावर 72 तासांत द्यायच्या, हे बंधन डॉक्टरवर आहे.

मसुदा आला की छापील प्रत पाठव, मी वाचतो. वकिलांकडं मात्र चौघंही एकत्र जा.

तुझे,
बाबा