मागच्या ताऱ्याचेही ऐका

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील परग्रहांवरचा लेख आवडला. मात्र गुरुत्वीय सूक्ष्मभिंग म्हणजे केवळ ग्रह शोधण्याचे साधन, असा त्यातून होणारा समज अपुरा आहे.

एक तारा दुसऱ्याच्या नेमका समोरून सरकतो, तेव्हा पुढच्याच्या गुरुत्वाकर्षणाने मागच्याचा प्रकाश वाकून एकवटतो आणि मागचा तारा काही दिवस किंवा आठवडे उजळतो; हेच सूक्ष्मभिंग. (हे प्रत्यक्ष दिसण्याची फारशी आशा नाही, असे खुद्द आइन्स्टाइन यांनी १९३६ मध्ये लिहिले होते!) लेखात सारे लक्ष पुढच्या ताऱ्यावर व त्याच्या ग्रहांवर आहे. उजळलेल्या ताऱ्याचे काय? आकाशगंगेच्या मध्यभागातील, सुमारे २६ हजार प्रकाशवर्षे दूरचे सूर्यासारखे तारे इतके मंद दिसतात, की मोठ्या दुर्बिणींनाही त्यांचा बारकाईचा वर्णपट (प्रकाशाची रंगांनुसार फोड, ज्यावरून ताऱ्याची घडण व वयाचा अंदाज कळतो) घेणे जवळपास अशक्य ठरते. निसर्गाचे हे भिंग ती अडचण तेवढ्यापुरती दूर करते.

खगोलशास्त्रज्ञ थॉमस बेन्सबी व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये अशा ९० ताऱ्यांचा अभ्यास मांडला. मध्यभागातले जवळपास सगळे तारे सुमारे १० अब्ज वर्षांचे वृद्ध, ही धारणा त्याने डळमळीत केली. जड मूलद्रव्ये अधिक असलेल्या ताऱ्यांपैकी बरेच ८ अब्ज वर्षांहून तरुण निघाले. आकाशगंगा कशी घडली, या प्रश्नाच्या दृष्टीने ही बाब एखाद्या नव्या ग्रहापेक्षा कमी मोलाची नाही. पुढील लेखात तिलाही जागा मिळावी, ही विनंती.

– एक वाचक, सांगली