पोरं, सुपाऱ्या आणि तुझा डॅनी बार्कर

प्रिय बंड्या,

इकडे सगळे ठीक. आईचे गुडघे आणि माझं पित्त, दोन्ही जिथल्या तिथे. मुद्द्यावर येतो. घरी बोललो तर "मग सोड की तो बेंजो" एवढंच ऐकायला मिळेल, म्हणून तुला लिहितोय.

आमच्या बँडच्या मालकाने वाडीतल्या पोरांना शिकवणं बंद करायला सांगितलंय. म्हणे, उद्या हीच पोरं निम्म्या पैशात सुपाऱ्या घेतील. तेही सगळ्यांसमोर. ढोलकीवाल्याचा मुलगा माझ्याकडेच शिकतो, पण हा पठ्ठ्या मान खाली घालून ढोलकी आवळत बसला!

तेव्हा तुझ्या कॅसेटवरचा बार्कर आठवला, तो अमेरिकेतला जॅझवाला बॅन्जोवादक. 1930 ला न्यू ऑर्लिन्स सोडून न्यूयॉर्कला गेला, बायको ब्लू लू गायची तिला साथ केली, स्वतः गायला, 1939 ते 1946 कॅब कॅलोवेच्या मोठ्या जॅझ बँडमध्ये वाजवलं. न्यूयॉर्कला बॅन्जो ठेवून गिटार धरली याचा मला अजून राग आहे. मोठ्या बँडांना तेव्हा गिटारच हवी होती, पोट कोणाला सुटलंय, असं तू म्हणशील. म्हण. त्या भांडणात माझा चहा सांडलास, तो अजून येणे आहे.

1965 ला गावी परतला तर ब्रास बँडांत नवी पोरं फारशी उरलेली नव्हती. म्हणून 1970 च्या सुमारास फेअरव्ह्यू चर्चच्या पोरांचा बँड उभा केला. पुढे जॅझमध्ये गाजलेले मार्सालिस भाऊ लहानपणी त्यातच वाजवायचे. तर वादकांच्या युनियनने ठपका ठेवला, हा पोरांना राबवून घेतो! 1974 ला बाजूला झाला बिचारा.

पण त्याच्याकडे त्याच बँडमधला ट्रम्पेटवाला पोरगा लिरॉय जोन्स होता. त्याने तीच पोरं घेऊन हरिकेन ब्रास बँड काढला. माझ्याकडे कोण आहे? थोरल्याचा डावा हात बटणांवर सुसाट सुटतो आणि उजवा तारा छेडताना मागे राहतो. "थांब" म्हटलं की आणखी पळतो. धाकटी नुसतं ऐकून चाल उचलते, तर बापाने तिला संध्याकाळचा गणिताचा क्लास लावलाय. मी हटलो तर दिवाळीपर्यंत सगळी पांगतील. नाही हटलो तर विसर्जनाच्या सुपाऱ्या गेल्या, आणि हप्ता काय बँक माफ करणार? मालकही अगदीच खोटा नाही रे, डीजेने त्याचं निम्मं काम आधीच खाल्लंय.

बार्कर 1994 ला गेला. तिकडे वादकाच्या अंत्ययात्रेत बँड वाजवायची रीत. नव्या बँडांचा धिंगाणा पटेना, म्हणून आपल्या अंत्ययात्रेत बँड नको असं त्याने सांगून ठेवलं होतं. शेवटी नीट वाजवू असा शब्द देऊन वादकांनी वाजवलंच. आधी पोरं घडवायची, मग त्यांच्यावर रुसायचं. आपले मास्तरही असेच होते.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींचं ऑपरेशन नीट झालं हे पिंट्याकडून कळलं. लेकीला दहावीसाठी शुभेच्छा.

मालकाला शनिवारपर्यंत उत्तर द्यायचंय. तू काय केलं असतंस ते लगेच लिही. "मनाचं ऐक" वगैरे लिहिलंस तर पत्र परत पाठवीन.

तुझा,
अण्णा